काकूंचा सेट

“सिस्टर, जरा नीट आठवा ना. डबीत ठेवला होता, की कागदात गुंडाळला होता?”

काकूंच्या मुलीने खणातल्या वस्तू पुन्हा एकदा पलंगाच्या पायथ्याशी ओतल्या. चष्मा, कंगवा, अर्धी संपलेली मलमाची ट्यूब, मोबाइलचा चार्जर, रुमाल. दातांचा सेट नव्हता. सिस्टर तरुण होती, रात्रपाळी संपवून घरी जायच्या बेतात होती आणि तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते.

“ऑपरेशनला नेताना दात काढून घेतात ताई. टिश्यूत गुंडाळून ट्रेमध्ये ठेवले असणार. काल दुपारी माझी ड्यूटी नव्हती. मग ट्रे बदलला असेल, आणि सफाईवाल्यांनी कचरा समजून... सॉरी हो.”

पलंगावर काकू होत्या. मांडीचं हाड मोडलं म्हणून आल्या होत्या. काल ऑपरेशन झकास झालं होतं, डॉक्टर स्वतःवर खूश होते, आणि आज पहाटे, घरच्यांना भेटायला आत सोडायच्या आधीच, काही एक कारण न देता हृदय थांबलं. आता त्यांचे गाल आत गेले होते, वरचा ओठ तोंडात ओढला गेला होता आणि हनुवटी नाकाकडे सरकली होती. दात नसलेलं तोंड असंच मिटतं. खिडकीपाशी उभ्या असलेल्या सेटकाकांना हे पक्कं माहीत होतं. जन्मभर त्यांनी असल्या मिटलेल्या तोंडांसाठीच तर काम केलं होतं. पण बायकोचं तोंड असं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. काकूंनी पाहूच दिलं नव्हतं. सेट काढायचा तो न्हाणीघरात दार लावून, आणि झोपायचं भिंतीकडे तोंड करून.

“आईला असं मी कुणाला बघू देणार नाही,” मुलगी म्हणाली. “दादा ऑपरेशनचं ऐकून कालच निघालाय, दुपारच्या विमानाने येतोय. एवढ्या लांबून येऊन त्याने हे बघायचं?”

“दुसरा सेट असेल तर लवकर आणा,” सिस्टर म्हणाली. “जबडा आवळत जातो हळूहळू. आत्ता बसेल. उशीर केलात तर तोंड उघडायचं नाही, मग आमच्याही हातात काही राहत नाही.”

“दुसरा कुठला असायला! दातांचे काय दोन-दोन सेट करतं कुणी?” असं म्हणता म्हणता मुलगी थबकली आणि तिने वडिलांकडे पाहिलं. “बाबा?”

“आहे,” सेटकाका म्हणाले. “लॅबमध्ये आहे.”

त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून कोट उचलला आणि ते निघाले. काकूंकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. काही वाटायचं राहून गेल्यासारखं झालं होतं. दाताचं इंजेक्शन दिल्यावर ओठ जागेवरच असतो, पण तो आपला वाटत नाही, तसं त्यांचं अख्खं अंग झालं होतं. पहाटेपासून ते रडू यायची वाट बघत होते. ते येत नव्हतं, आणि येत नाही म्हणून लाजही वाटत नव्हती.

लॅब इस्पितळाच्या मागच्याच गल्लीत होती. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दंतवैद्य तोंडाचं माप घेऊन पाठवणार, आणि इथे त्यावरून कवळी तयार होणार. सेटकाका तिथे मिसरूड फुटायच्या वयात लागले ते अजून होते. निवृत्त व्हायचं वय उलटून गेलं तरी मालक त्यांना सोडत नव्हते आणि त्यांनाही घरी बसून काय करायचं ते कळत नव्हतं. त्यांचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. मापात ओतलेलं प्लास्टर सेट झालं का, मेणात दात सेट केले का, वरच्या-खालच्या जबड्याचा चावा सेट होतोय का, अमक्या बाईंचा सेट गेला का, असं दिवसभर चाललेलं. त्यावरून ते सेटकाका झाले. एका नव्या कुरिअरवाल्याला हे ‘शेठकाका’ ऐकू आलं होतं आणि तो काही दिवस त्यांच्याशी फार अदबीने बोलत होता. मग एकदा त्याने त्यांना कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेलं पाहिलं आणि त्याची अदब गेली.

घरीही तोच शब्द. गजर सेट केला का. कपाट भिंतीला सेट करून घे. मुलगा परदेशात नोकरीला लागला तेव्हा सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं, “आपला सेट झाला एकदाचा.” काकू वैतागायच्या.

“अहो, एवढी मोठी भाषा पडलीय. तुम्हाला दुसरा शब्द म्हणून मिळत नाही का?”

“कामाचा शब्द आहे.”

“मग कामावर ठेवून येत जा ना तो. डबा आणता तसा रोज कशाला परत आणता?”

लॅबमध्ये मालक अजून आले नव्हते. पॉलिशवर बसणारी ताई आली होती. तिने मशीन बंद केलं, तोंडावरचा मास्क खाली केला आणि सेटकाकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“काका? काकू कशा आहेत?”

“पहाटे गेली.”

ताईने तोंडावर हात घेतला. सेटकाकांनी तो हात पाहिला आणि ते आपल्या टेबलाकडे गेले.

टेबलाच्या वरच्या फळीवर, मेणाच्या पट्ट्यांमागे, एक काचेची बरणी होती. बरणीत पाणी आणि पाण्यात एक कवळी. वरची आणि खालची. कवळी कोरडी पडली की तिचा आकार बिघडतो, म्हणून ती पाण्यात ठेवायची असते. सेटकाका दर सोमवारी आल्या आल्या आधी बरणीतलं पाणी बदलायचे, मग ॲप्रन घालायचे. कितीतरी वर्षं. लॅबमध्ये नवं कुणी लागलं की विचारायचं, हा कुणाचा सेट, न्यायला का येत नाहीत? ताई त्यांना डोळ्यांनी गप्प करायची. तिला तरी पूर्ण गोष्ट कुठे ठाऊक होती! तिला एवढंच कळलं होतं की त्या कवळीत वरच्या बाजूला एक दात मुद्दाम वाकडा लावलेला आहे, आणि सेटकाकांसारखा हाताचा पक्का माणूस चुकून असं करणार नाही.

तो दात काकूंचा होता. म्हणजे खरा दात केव्हाच गेला होता, पण दाताची ती जागा आणि तो कल काकूंचा होता. समोरच्या डाव्या दाताच्या शेजारचा दात अर्धा त्याच्यावर चढून बसलेला, गर्दीत पुढे डोकावणाऱ्या माणसासारखा. त्या दाताने काकूंचा जन्मभर छळ केला. हसू आलं की हात वर. फोटो काढायचा म्हटलं की ओठ मिटलेले. लग्नाच्या फोटोतही त्या अशा दिसतात, की कुणाला वाटावं, मुलीला पसंत नव्हतं.

सेटकाकांचं म्हणणं वेगळं होतं, पण ते त्यांनी कधी धड बोलून दाखवलं नाही. ज्या माणसाच्या हाताखाली ते शिकले, तो सांगायचा की अगदी सरळ दात लावू नका रे, माणूस बाहुलीसारखा दिसतो. कुठेतरी थोडा दोष ठेवा, मग दात जिवंत वाटतात. सेटकाकांनी ते पाळलं. प्रत्येक सेटमध्ये एखादा दात केसभर फिरवायचा, एखादी कड किंचित घासायची. लोक खूश व्हायचे, का ते त्यांना कळायचं नाही.

मग काकूंचे दात हलायला लागले आणि एक-एक करत सगळे काढावे लागले. काकूंनी दुःख केलं नाही. उलट दंतवैद्याकडून घरी येताना सुजलेल्या तोंडावर पदर धरून त्या म्हणाल्या, “गेला एकदाचा मेला.” कुठला ते विचारावं लागलं नाही.

सेटकाकांनी मापं मागून घेतली. सेट कुणाच्याही हातात न देता स्वतः केला. बाकीच्यांच्या ऑर्डरी बाजूला ठेवल्या, मालकांची बोलणी खाल्ली. मेणात दात बसवत गेले आणि त्या जागी आल्यावर त्यांचा हात आपोआप वळला. वाकडा दात जसाच्या तसा उतरला. हे कौशल्याचं काम होतं, सरळ दात लावण्याहून फार अवघड. दंतवैद्याला दाखवताना त्यांनी सांगितलं, घरचंच माणूस आहे, मी बसवून बघतो. आणि डबी घेऊन ते घरी आले तेव्हा त्यांच्या पायांना घाई झाली होती.

काकूंनी सेट तोंडात घातला आणि त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांचा हात वर आला आणि तोंडावर बसला.

“हा कुणी मागितला होता?”

“अगं, तुझाच आहे. हुबेहूब तुझा.”

“माझा होता. गेला होता ना तो? मी सुटले होते ना?” काकूंचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. “शाळेत मला काय हाक मारायचे माहीत आहे तुम्हाला? आमच्या थोरल्या वहिनी काय म्हणायच्या माहीत आहे? जन्मभर मी हात धरला तोंडावर. आणि तुम्ही तो परत बसवून आणलात. बक्षीस आणल्यासारखा.”

“मला तू तशीच आवडतेस.”

“तुम्हाला नुसतं बघायचं असतं हो. तोंड माझं आहे.”

त्यांनी पाठ फिरवून सेट काढला, पाण्याच्या पेल्यात टाकला आणि तोंडावर पदर धरून पेला सेटकाकांच्या पुढ्यात ठेवला. त्यानंतर घरात काही दिवस कामापुरतं बोलणं होतं. सेटकाकांनी दुसरा सेट केला. सरळ, स्वच्छ, ओळीत उभे केल्यासारखे दात. त्यांच्या मते त्यांच्या हातचं सगळ्यात सुमार काम. काकूंनी तो घातला, आरशात पाहिलं, आणि त्या हसल्या. हात वर आला नाही. पहिला सेट मोडून टाकला असेल असं त्या धरून चालल्या, आणि सेटकाकांनी तो गैरसमज तसाच राहू दिला. मोडून टाकायला ते बसले होते एकदा. मग त्यांनी बरणी आणली.

त्यानंतरची काकूंची वर्षं फार बडबडीची गेली. एवढ्या बोलक्या होत्या त्या, हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. नात शाळेत जायला लागल्यावर तर विचारायलाच नको. एकदा नातीला घरी करायला दिलं होतं, की एक इंग्रजी शब्द घ्या आणि त्याचे जास्तीत जास्त अर्थ वाक्यांत वापरून दाखवा. मुलगी आणि नात संध्याकाळी इकडेच आल्या होत्या. सगळे टेबलाभोवती बसले होते.

“आजोबांचा शब्द घे,” काकू म्हणाल्या. “त्याच्यावर आपलं घर चालतं.”

“आजी, तू सांग ना वाक्यं.”

“लिही. कपांचा सेट होता, त्यातला एक तुझ्या आईने फोडला.”

“आई, मी तेव्हा केवढी होते!” मुलगी म्हणाली.

“फोडला तो फोडलाच. पुढे लिही. टीव्हीचा सेट बिघडला. मामा तिकडे सेट झाला आणि इकडचं विसरला.”

“दही सेट झालं,” मुलीने भर घातली. “आणि गं, सूर्य मावळतो त्यालाही हाच शब्द. परीक्षेचा पेपर काढतात त्यालाही हाच. डिक्शनरीत पानंच्या पानं आहेत म्हणे या एका शब्दाची.”

“पानंच्या पानं?” काकूंनी सेटकाकांकडे पाहिलं. “आणि ह्यांना त्यातले चारच माहीत! लिही गं बाई, आजोबा लग्न होऊन एवढी वर्षं झाली तरी अजून सेट व्हायचे आहेत.”

आणि काकू हसल्या. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, सगळे दात दाखवत. नात हसली, मुलगी हसली. सेटकाकाही हसले, पण त्यांची नजर त्या सरळ दातांवर होती. हसणारी बाई छान होती, मोकळी होती, सुखात होती, आणि त्यांना ती पाहुणी वाटत होती. आपली बायको सुखात आहे आणि आपल्याला तिची आठवण येतेय, हे त्यांना स्वतःलाही चमत्कारिक वाटलं. कुणाला सांगण्यासारखं तर नव्हतंच. पुढच्या सोमवारी त्यांनी बरणीतलं पाणी बदलताना कवळी जरा जास्त वेळ हातात धरली.

आता त्यांनी ती बरणीतून काढली, पुसली आणि कापसाच्या ओल्या बोळ्यात गुंडाळून डबीत ठेवली. ताई बाजूला उभी होती.

“काका, मी येऊ का सोबत?”

“नको. तू बस.”

ते जिना उतरायला लागले. डबी कोटाच्या खिशात होती आणि त्यांचा हात डबीवर होता. खरं सांगायचं तर पहाटेपासून पहिल्यांदाच त्यांना काहीतरी हवंसं वाटत होतं. तो चेहरा एकदा बघायचा होता. वरचा ओठ डाव्या बाजूला किंचित उचलला जायचा, तो तसा पुन्हा उचलला जाईल. दिवसभरापुरता. कुणाच्या लक्षातही येणार नाही. मुलगी म्हणेल, जुना सेट आहे ना, चालायचंच. मुलगा तर किती वर्षांनी येतोय. काकूंनाही आता कळणार नव्हतं.

पहिल्या वळणावर ते थांबले. थांबायचं ठरवून थांबले नव्हते. जिन्याच्या त्या वळणावर पाय नेहमीच जरा अडायचा.

लग्नाआधी, लॅबच्या वरच्या मजल्यावर तेव्हा एक टायपिंगचं ऑफिस होतं. काकू तिथे टायपिस्ट होत्या. मैत्रिणीशी बोलत खाली उतरत होत्या, कशावरून तरी हसल्या आणि हात तोंडावर गेला. सेटकाका प्लास्टरची पिशवी खांद्यावर घेऊन वर येत होते. त्यांना वाटलं, मुलीची दाढ दुखतेय.

“दात दुखतोय का?” त्यांनी विचारलं. असं त्यांचं प्रेम सुरू झालं. कोणी विश्वास ठेवणार नाही.

“नाही,” हाताआडून उत्तर आलं.

“मग हात का?”

“सवय आहे.”

रोज त्याच वळणावर गाठ पडायला लागली. लॅबमधली मुलं म्हणायला लागली, सेटिंग झालं रे ह्याचं. पण हात खाली यायला फार दिवस लागले. आणि एक दिवस तो आला, काकू काही न झाकता त्यांच्याकडे बघून हसल्या, आणि तो दात बघून सेटकाका तिथल्या तिथे खलास झाले. त्यांना वाटलं होतं, हा हात आता कायमचा खाली आला. तो फक्त त्यांच्यापुरता आला होता. एवढीच गोष्ट त्यांना जन्मभर नीट कळली नव्हती.

आज घरी माणसं येणार होती. शेजारचे, नातेवाईक, टायपिंगच्या ऑफिसातल्या कोणी म्हाताऱ्या मैत्रिणी. सगळे वाकून तोंड बघणार होते. थोरल्या वहिनी अजून होत्या, त्याही येणार होत्या. आणि काकूंना आता हात वर करता येणार नव्हता.

सेटकाका वळले आणि पुन्हा जिना चढले.

“काय राहिलं काका?” ताईने विचारलं.

“दात काढायचाय एक.”

त्यांनी ॲप्रन घातला नाही. दिवा ओढला, छोटं मशीन सुरू केलं आणि बारीक टोकाने वाकड्या दाताच्या मुळाशी घासायला सुरुवात केली. गुलाबी भुकटी उडायला लागली. खिशात फोन वाजला. ताईने तो काढून त्यांच्या कानाला लावला.

“बाबा, निघालात ना? सिस्टर म्हणतात आता घट्ट व्हायला लागलंय. कसाही असला तरी चालेल, फक्त लवकर या.”

“येतो.”

“बाबा, तुम्ही ठीक आहात ना?”

“आलोच.”

दात सुटला. त्यांनी तो टेबलाच्या कडेला ठेवला. तोवर ताईने न सांगता दातांची पेटी उघडली होती. त्याच रंगाचा, त्याच आकाराचा दात शोधायला सेटकाकांना वेळ लागला नाही. काकूंच्या दातांची छटा त्यांना झोपेतही सांगता आली असती. त्यांनी नवा दात जागेवर धरला, शेजारच्या दाताच्या ओळीत आणला, आणि हात सवयीने तो किंचित फिरवायला गेला. थोडा दोष ठेवावा म्हणून. त्यांनी हात थांबवला आणि दात अगदी सरळ केला. पुढून मेणाचा ठिपका देऊन पकडला, मागून दात जोडायची पूड आणि द्रव घातला. तो उग्र वास खोलीभर पसरला. एरवी या वासाने नव्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं. सेटकाकांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षांत आलं नव्हतं, आजही आलं नाही.

मग गरम पाण्याच्या भांड्यात सेट सोडून वाट बघणं आलं. त्याला इलाज नव्हता. मालकांची आरडाओरड असो की कुणाचं लग्न असो, सेट व्हायला लागतो तेवढा वेळ लागतोच, हे सेटकाकांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते खांद्याला पुसत होती. सेटकाका भांड्याकडे बघत उभे होते. तिकडे जबडा आवळत होता आणि इकडे हे. कुठलं आधी होतंय ते बघायचं, एवढंच हातात होतं.

“द्या इकडे,” शेवटी ताई म्हणाली. तिने कड घासली, पॉलिश केलं, आणि सेट धुऊन त्यांच्या हातात ठेवला. कुठला दात नवा, ते तिलाही आता सांगता आलं नसतं.

टेबलाच्या कडेचा दात सेटकाकांनी उचलला आणि खिशात टाकला. मग ते जवळजवळ धावत निघाले.

खोलीत सिस्टर अजून थांबली होती. तिची पाळी कधीच संपली होती, तरी ती घरी गेली नव्हती.

“मी करू का काका?” तिने विचारलं. “थोडं जड जाईल आता.”

“मी करतो. कोमट पाणी द्या फक्त.”

त्यांनी सेट कोमट पाण्यात बुडवला. गार सेट तोंडात घातला की माणूस दचकतो, असं ते दंतवैद्यांना गिऱ्हाइकांना सांगायला लावत. मग ते काकूंच्या उशाशी बसले. कानाच्या खाली, जबड्याचा सांधा असतो तिथे, दोन्ही अंगठे ठेवून हळूहळू चोळायला लागले. जबडा दाद देत नव्हता. मुलगी पलंगाचा दांडा धरून उभी होती. सेटकाका चोळत राहिले. घाई करून उपयोग नव्हता आणि घाई करायची त्यांना सवयही नव्हती.

“उघड गं थोडं,” ते म्हणाले. आवाज रोजचाच होता. “बघतो फक्त.”

जबडा थोडा सैल झाला. आधी खालचा बसवला. मग वरचा तिरका करून आत सरकवला आणि टाळूला दाबून धरला. हिरडी झिजली होती, सेट ढिला बसत होता. सिस्टरने कापूस दिला. मग ओठ जागेवर आला, गाल भरले, हनुवटी खाली गेली. एखाद्या घरातल्या खिडक्या उघडाव्यात तसा चेहरा परत आला. तोच चेहरा, जो गेली काही वर्षं टेबलाशी बसून मोकळेपणाने हसत असे.

मुलीला हुंदका फुटला. “आई आली,” ती म्हणाली. “बाबा, बघा ना, आई आली.” थोड्या वेळाने डोळे पुसून तिने विचारलं, “हा कधी केला होता तुम्ही? अगदी तसाच आहे.”

“जुना आहे.”

“मग आजवर कधी बोलला नाहीत.”

सेटकाकांनी पाण्याचं भांडं उचलून सिस्टरकडे दिलं.

दुपारी काकूंना घरी आणल्यावर मुलगा आला, विमानातल्या कपड्यांत, बॅग दारातच टाकून. खूप वेळ आईकडे बघत राहिला. माणसं आली आणि गेली. थोरल्या वहिनी काठी टेकत आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “किती छान दिसतेय हो. दात किती सुरेख होते हिचे.” सेटकाका दाराशी उभे राहून ज्याला-त्याला बसायला खुर्ची देत होते. त्यांचं अंग अजून बधिरच होतं. इंजेक्शन उतरायला लागलं की मग दुखतं, हे त्यांना माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, अजून उतरलेलं नाही.

मुलगा थोडे दिवस राहिला आणि गेला. जाताना म्हणाला, “बाबा, चला ना तिकडे. काही दिवसांत सेट व्हाल तुम्ही.” सेटकाका म्हणाले, बघू.

सोमवारी ते लॅबमध्ये आले. मालक हळू आवाजात काहीतरी बोलले, त्यांनी मान हलवली. ताई मशीनशी बसली होती, तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. सेटकाकांनी फळीवरून बरणी काढली. आत जुनं पाणी होतं आणि काही नव्हतं. त्यांनी ते मोरीत ओतलं, बरणी विसळली, ताजं पाणी भरलं. मग कोटाच्या खिशात हात घालून तो एक दात काढला आणि पाण्यात सोडला. तो तळाशी जाऊन जरा तिरका विसावला.

सुट्या दाताला पाणी लागत नाही, तो कोरडाही नीट राहतो. सेटकाकांना हे ठाऊक होतं. त्यांनी झाकण लावलं, बरणी मेणाच्या पट्ट्यांमागे ठेवली आणि ॲप्रन घातला.